रसायनाला पन्नास संधी, वाणाला एकच

कोलोरॅडो भुंगेऱ्याचा विषय निघाला की फवारणीच्या बाजूने बोलणारे एक ठरलेला युक्तिवाद मांडतात. या किडीला दाद न देणारा बटाटा काढायचे प्रयत्न जर्मनीत झाले, अमेरिकेत झाले, रशियात झाले. रानटी बटाट्यांशी संकर करून पाहिले, नंतर बाहेरचं जनुकही घालून पाहिलं. एवढं सगळं करून आज अमेरिकेच्या शेतात काय उभं आहे? तोच जुना रसेट बरबँक वाण, आणि त्याच्यावर फवारणी. म्हणजे प्रतिकारक वाणाचा रस्ता चालून झाला आणि तो पुढे बंद निघाला. आता त्यावर आणखी पैसा आणि वर्षं घालवू नयेत.

मला हा युक्तिवाद शास्त्र म्हणून चुकीचा वाटतो आणि न्याय म्हणून त्याहून चुकीचा वाटतो. एका किडीविरुद्ध दोन उपाय उभे आहेत. त्यातल्या एकाला हरायची मुभा आहे, कितीही वेळा. दुसऱ्याने पहिल्यांदा ठेच खाल्ली की त्याची फाइल बंद होते. वाण फसले असं म्हणण्याआधी रसायनांचं काय झालं ते त्याच मापाने मोजायला हवं.

हा भुंगेरा मुळात बटाट्याचा नव्हेच. मेक्सिकोपासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या मैदानांत, बटाट्याच्याच कुळातल्या एका काटेरी रानझुडपावर तो राहायचा. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ थॉमस से याने 1824 मध्ये त्याचं वर्णन लिहिलं तेव्हा त्याला कोणी शत्रू मानत नव्हतं. पश्चिमेकडे सरकणारे वसाहतवाले बटाटा घेऊन त्याच्या प्रदेशात पोचले. 1859 मध्ये नेब्रास्कात बटाट्याची शेतं उघडीबोडकी झाल्याची नोंद आहे, आणि 1874 पर्यंत हा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा किडा अटलांटिक किनाऱ्याला लागला होता. 1922 मध्ये त्याने फ्रान्सात बोर्दोजवळ पाय रोवले आणि पुढच्या काही दशकांत युरोप, सोव्हिएत रशिया, मध्य आशिया आणि चीनचा शिनजियांग इथवर मजल मारली. भारतात तो अजून आलेला नाही.

त्याच्याविरुद्धचं पहिलं मोठं हत्यार होतं पॅरिस ग्रीन, म्हणजे रंगासाठी वापरली जाणारी तांबं आणि आर्सेनिकची हिरवी भुकटी. मग शिशाचं आर्सेनेट आलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी. डीडीटी आल्यावर काही वर्षं खरोखरच शेतं स्वच्छ झाली. पण 1952 पर्यंत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डीडीटीला न जुमानणारे भुंगेरे दिसू लागले. त्यानंतर त्या बेटावर एकामागून एक रसायनं आली आणि निकामी झाली; काही तर मोजक्या हंगामांतच. आज जगभरात या किडीने पचवलेल्या कीटकनाशकांची संख्या पन्नासच्या वर आहे. हे कुठल्याही किडीच्या बाबतीत लाजिरवाणं ठरावं असं अपयश आहे. तरी ‘रासायनिक नियंत्रणाचा प्रयोग फसला, आता बंद करा’ असं कृषी परिषदेत उभं राहून कोणी म्हणत नाही. एक औषध निकामी झालं की प्रश्न असतो, पुढचं कोणतं?

आणि या अपयशाची किंमत फक्त शेतकऱ्याच्या खिशातून गेलेली नाही. सत्तरच्या दशकात लाँग आयलंडच्या बटाटा शेतीत भुंगेऱ्यासाठी अल्डिकार्ब नावाचं अतिविषारी आंतरप्रवाही औषध जमिनीत घालत. तिथली जमीन वाळूची, पाणी पटकन मुरणारं. 1979 मध्ये सफोक काउंटीतल्या पिण्याच्या विहिरींत अल्डिकार्ब सापडलं, आणि तपासणी वाढवली तेव्हा ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश असलेल्या विहिरींची संख्या हजाराच्या पुढे गेली. तिथला त्याचा वापर थांबवावा लागला. 1995 मध्ये इमिडाक्लोप्रिड आलं तेव्हा शेतकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि थोड्याच वर्षांत त्याच बेटावर त्यालाही दाद न देणारे भुंगेरे सापडले. युरोपीय संघाने 2018 मध्ये मधमाश्यांच्या काळजीपोटी इमिडाक्लोप्रिडसह त्याच्याच गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. हा सगळा इतिहास कीटकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. तो वाचूनही निष्कर्ष वाणांच्या विरोधात कसा काढता येतो हे मला समजत नाही.

आता वाणांवरचे आरोप. सगळ्यात जास्त पुढे केला जातो तो लेनापे या वाणाचा दाखला. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ आणि अमेरिकेचं कृषी खातं यांनी एका वेफर कंपनीबरोबर हा बटाटा 1967 मध्ये बाजारात आणला. त्याच्या वंशात दक्षिण अमेरिकेतला रानटी बटाटा सोलॅनम चाकोएन्स होता. काही काळाने लक्षात आलं की या बटाट्याच्या कंदात सोलॅनिनसारखी कडू विषारी द्रव्यं फार आहेत. दर शंभर ग्रॅम बटाट्याला 20 मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा मानतात; लेनापेत हे प्रमाण सुमारे 30 निघालं. 1970 मध्ये वाण मागे घेतला गेला. तेव्हापासून सांगितलं जातं: पाहा, रानटी बटाट्याकडून किडीचा प्रतिकार आणायला गेलं की विष ताटात येतं.

या गोष्टीत एक मोठी गफलत आहे. लेनापे हा भुंगेऱ्यासाठी काढलेला वाणच नव्हता. तो वेफरसाठी काढला होता. तळल्यावर काळा पडू नये म्हणून साखर कमी हवी होती, आणि तेल कमी शोषलं जावं म्हणून घनपदार्थ जास्त हवे होते. त्यासाठी रानटी रक्त आणलं होतं. आणि याच चाकोएन्समध्ये भुंगेऱ्याला खरोखर अडवणारं जे द्रव्य आहे, ते लेप्टाइन, पानात तयार होतं, कंदात नाही. नोबेल मिळालेले जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नासच्या दशकात लेप्टाइन वेगळं काढलं, आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी त्याचा भुंगेऱ्याशी असलेला संबंध पक्का केला. रानटी झाडाची इतर कडू द्रव्यं संकरातून कंदात उतरू शकतात, हे खरं आहे. म्हणून प्रत्येक नव्या निवडीचा कंद तपासावाच लागतो. लेनापेनंतर ही तपासणी काटेकोर झालीही. पण ‘तपासून घ्या’ आणि ‘सोडून द्या’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

लेनापेचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण ते सहसा सांगितलं जात नाही. वेफर उद्योगाने त्याला टाकून दिलं नाही. त्याची संतती तपासली, जिच्या कंदात विष कमी होतं ती ठेवली. वॉसिऑन या वाणाशी त्याचा संकर करून अटलांटिक निघाला, आणि अटलांटिक पुढे जगभर वेफरचा प्रमुख बटाटा झाला. महाराष्ट्रातही वेफर कंपन्यांच्या करारशेतीत तो लावला गेला. स्नोडेन या दुसऱ्या नावाजलेल्या वेफर वाणाच्या वंशातही लेनापे आहे. वेफरच्या रंगाचा प्रश्न होता तेव्हा लेनापेचा दोष संततीत धुऊन काढण्याचे कष्ट घेतले गेले. भुंगेऱ्याचा प्रश्न येतो तेव्हा तोच लेनापे सगळा मार्ग बंद करायला पुढे केला जातो. एकाच वाणाचा असा दुहेरी वापर प्रामाणिक नाही.

दुसरा आरोप केसाळ पानांवर. बोलिव्हियातल्या सोलॅनम बर्थाल्टी या रानटी बटाट्याच्या पानावर दोन प्रकारची बारीक ग्रंथियुक्त लव असते. आखूड लवेच्या टोकावरची चार कप्प्यांची गाठ किड्याचा पाय लागताच फुटते आणि आतला रस हवेत तपकिरी चिकट होतो. लांब लवेच्या टोकावर डिंकासारखा थेंब कायम असतो. मावा यात अडकून मरतो, भुंगेऱ्याच्या लहान अळ्यांची वाढ खुंटते, मादी अंडी कमी घालते. कॉर्नेल विद्यापीठात वॉर्ड टिंगी आणि रॉबर्ट प्लेस्टेड यांच्या गटाने हा गुण लागवडीच्या बटाट्यात आणायला वर्षानुवर्षं घालवली. 1992 मध्ये एनवायएल 235-4 ही भुंगेरा-प्रतिकारक जनुकसामग्री त्यांनी पैदासकारांना खुली केली, आणि पुढे कॉर्नेलचाच किंग हॅरी हा केसाळ पानांचा वाण आला. आपल्याकडे लवदार पानांच्या कपाशीवर तुडतुडे कमी बसतात हे शेतकऱ्याला माहीत आहे आणि कृषी विद्यापीठं तसे वाण शिफारसही करतात. तत्त्व तेच आहे.

टीकाकार म्हणतात, किंग हॅरी चालला कुठे? तो सेंद्रिय शेतीवाले आणि परसबागवाले लावतात, मोठ्या शेतात नाही. बरोबर. पण तो मोठ्या शेतात न जाण्याचं कारण भुंगेरा नाही. फ्रेंच फ्रायच्या कारखान्याला लांबट, ठरावीक आकाराचा, ठरावीक घनपदार्थांचा बटाटा हवा असतो. ज्या वाणावर कारखान्याची कापणीयंत्रं आणि तळण्याचं तापमान बसवलेलं आहे, त्या वाणाच्या जागी दुसरा आणायला त्याच्याकडे कारण नसतं. रसेट बरबँकचा मूळ बटाटा ल्यूथर बरबँकने 1870 च्या दशकात निवडला होता. दीडशे वर्षं जुना हा वाण आज कीडप्रतिकारात उत्तम आहे म्हणून टिकलेला नाही.

तिसरी कहाणी न्यूलीफची, आणि माझ्या मते ती या वादाचा कणा आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन संशोधकांनी बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचा एक नवा प्रकार शोधला, जो भुंगेऱ्यांच्या कुळाला मारतो पण माणूस, मधमाशी, फुलपाखरू यांना काही करत नाही. त्यातलं क्राय-3ए हे जनुक मॉन्सँटोने बटाट्यात घातलं, आणि 1995 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. न्यूलीफ नावाने रसेट बरबँक, अटलांटिक आणि सुपिरियर या वाणांच्या आवृत्त्या निघाल्या. भुंगेऱ्याविरुद्ध हा बटाटा जवळजवळ पूर्ण यशस्वी होता: अळ्या पहिल्याच घासांत मरत. 1999 च्या सुमारास तो पन्नास हजार एकरांच्या आसपास होता. मग ग्राहकांत जनुकांतरित अन्नाबद्दल अस्वस्थता वाढली, फ्रेंच फ्राय बनवणाऱ्या मॅकेनने असा बटाटा घेणार नाही म्हणून जाहीर केलं, मॅकडोनाल्ड्सने आणि फ्रिटो-लेनेही पाठ फिरवली. 2001 मध्ये न्यूलीफ बंद झाला.

त्या ग्राहकांची अस्वस्थता चूक होती की बरोबर, यावर इथे वाद घालत नाही. बी-बियाण्यावर एका कंपनीची मालकी असावी का, हाही खरा प्रश्न आहे आणि माझी सहानुभूती मालकीच्या विरोधकांकडे आहे. पण त्या घटनेला ‘प्रतिकारक वाण फसला’ असं म्हणता येत नाही. शेतात भुंगेऱ्याने न्यूलीफवर मात केल्याची नोंद नाही. त्याचा पराभव खरेदी कचेरीत झाला. आणि त्याच 1995 साली इमिडाक्लोप्रिड आलं होतं. कारखान्यांना आणि शेतकऱ्यांना तेव्हा सोपा पर्याय हाताशी होता. तो पर्याय पुढे किती टिकला ते वर सांगितलंच आहे.

याला प्रतिप्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. न्यूलीफ आणखी दहा वर्षं राहिला असता तर भुंगेऱ्याने त्यालाही पचवलं नसतं का? शक्यता मोठी आहे. अमेरिकेत प्रयोगशाळेत मोजक्या पिढ्यांत याच बीटी विषाला सरावलेली भुंगेऱ्यांची जात तयार करून दाखवली गेली. बर्थाल्टीच्या केसाळ पानांवर वाढवलेल्या भुंगेऱ्यांची तगण्याची क्षमता दोन पिढ्यांत वाढल्याचं ऐंशीच्या दशकातच नोंदलं गेलं. या किड्याचे पूर्वज विषारी रानझुडपं खाऊन जगले. विष मोडून टाकणारी यंत्रणा त्यांच्या शरीरात तयारच आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला तर यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. 2002 मध्ये आलेल्या बीटी कपाशीचं काय झालं ते विदर्भाने आणि मराठवाड्याने भोगलं आहे. 2010 मध्ये गुजरातेतल्या गुलाबी बोंडअळीने पहिल्या बीटीला दाद न दिल्याचं मॉन्सँटोनेच मान्य केलं. 2017 मध्ये दुसऱ्या पिढीच्या बीटीवरही तिने महाराष्ट्रभर हाहाकार केला. त्याच वर्षी यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर माणसं गेली, हेही विसरता येत नाही.

पण बीटी कपाशीतून जो धडा काढला जातो, तो उलटा आहे. तिथे जवळजवळ सगळ्या क्षेत्रावर एकच गुण लावला गेला. अळी बीटीला सरावू नये म्हणून बिगरबीटी बियाण्याची पुडी पिशवीबरोबर यायची, पण ती कडेला पेरणारे थोडे. फरदड ठेवून पीक जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लांबवलं, म्हणजे बोंडअळीला वर्षभर खायला मिळालं. प्रतिकाराचा गुण हा त्यातला सगळ्यात कमी दोषी घटक होता. त्याला एकट्याने, विनासोबत, अखंड लढायला लावलं गेलं. एखादी भिंत एकाच विटेची उभी केली आणि ती पडली, तर दोष विटेला देत नाहीत.

रोगांच्या बाबतीत आपण ही समज दाखवतो, म्हणून मला कीडप्रतिकाराबद्दलची घाई अधिकच खटकते. बटाट्याचा उशिराचा करपा घ्या. मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिसम या रानटी बटाट्यातून आणलेली करपाप्रतिकारक जनुकं करप्याच्या बुरशीने एकेक करून मोडली. आपला कुफरी ज्योती 1968 मध्ये आला तो करप्याला तोंड देणारा म्हणून. तो गुण पुढे ओसरला, तरी पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या खरिपात शेतकरी कुफरी ज्योती लावतच राहिले, आणि शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने कुफरी हिमालिनी, कुफरी गिरधारी असे नवे वाण काढले. एका जनुकाचा प्रतिकार मोडतो हे कळल्यावर पैदासकारांनी अनेक जनुकांवर उभा राहणारा, सावकाश झिजणारा प्रतिकार शोधायला सुरुवात केली. कोणीही ‘करपाप्रतिकार फसला’ म्हणून दुकान बंद केलं नाही. भुंगेऱ्यासाठी हाच धीर का नसावा?

माझा मूळ आक्षेप मात्र मोजपट्टीवर आहे. प्रतिकारक वाण म्हणजे ज्याच्यावर किडा दिसणारच नाही, अशी अपेक्षा ठेवली तर जगातला प्रत्येक वाण नापास होईल. भुंगेऱ्याचं जीवनचक्र पाहा. मादी काही शे अंडी घालते. अळी चार अवस्थांतून जाते आणि एकूण साधारण 40 चौरस सेंटिमीटर पान खाते. पण त्यातला तीन चतुर्थांश भाग ती शेवटच्या, चौथ्या अवस्थेत खाते. म्हणजे ज्या वाणावर अळ्या दिसतात पण तिसऱ्या अवस्थेतच मरतात, त्या वाणाने बहुतेक पान वाचवलेलं असतं. शेतातून चालत जाणाऱ्या माणसाला मात्र झाडावर अळ्या दिसतात आणि तो म्हणतो, प्रतिकार कसला, किडा तर आहेच. दुसरी गोष्ट: बटाट्याचं झाड फुलोऱ्याआधी वीस-तीस टक्के पान गेलं तरी उत्पन्न फारसं सोडत नाही. नाजूक काळ आहे फुलोऱ्यापासून कंद भरेपर्यंतचा. तेवढ्या काळात पान टिकवलं की लढाई बरीचशी जिंकली. ज्या वाणामुळे किडीचा जोर त्या काळाच्या पलीकडे ढकलला जातो, तो वाण यशस्वी आहे.

आणि हळू वाढणाऱ्या अळीचा आणखी एक फायदा मिळतो. लहान अळी ही मित्रकीटकांची सोपी शिकार असते. अंडी आणि लहान अळ्या खाणारे ठिपकेवाले ढालकिडे, भुंगेऱ्याच्या अळीत सोंड खुपसून रस शोषणारे ढेकूण, बव्हेरिया बुरशी, हे सगळे शेतात असतात. त्यांना लागतो तो वेळ. साध्या वाणावर अळी झपाट्याने मोठी होते आणि जमिनीत जाऊन कोषात बसते. प्रतिकारक वाण त्या वाढीला उशीर करतो, आणि थंड प्रदेशात तो उशीर दुसरी पिढी होऊच न देण्याइतका ठरू शकतो. सर्वव्यापी फवारणीने मात्र हे मित्रकीटक आधी मरतात. त्यात फेरपालट जोडा. जमिनीत हिवाळा काढून वर आलेला भुंगेरा बराचसा चालत जातो. पुढच्या वर्षी बटाटा काही शे मीटर लांब लावला तर पहिल्या लाटेतले कितीतरी भुंगेरे पोचतच नाहीत. शेताच्या कडेला प्लॅस्टिक अंथरलेला चर काढून त्यात चालत आलेले भुंगेरे अडकवण्याची पद्धतही कॉर्नेलच्याच संशोधकांनी लाँग आयलंडवर वापरून दाखवली. यातला प्रत्येक उपाय एकटा अर्धवट आहे. एकत्र आले की त्यांची बेरीज फवारण्यांच्या संख्येत दिसते.

प्रतिकाराचे समर्थकही निर्दोष नाहीत. पूर्व युरोपात आणि रशियात लाखो कुटुंबं परसातल्या वाफ्यांत बटाटा लावतात आणि हाताने भुंगेरे वेचतात. त्यांच्यासाठी ‘भुंगेरा या वाणाला शिवत नाही’ अशा जाहिराती होतात. अनेकदा शेतकऱ्याचा अनुभवही तसाच असतो: दोन ओळी शेजारी लावल्या, एकीवर किडे, दुसरी स्वच्छ. पुढच्या वर्षी तो सगळ्या वाफ्यात तोच स्वच्छ वाण लावतो आणि पीक खाल्लं जातं. इथे कोणी मुद्दाम फसवलेलंच असतं असं नाही. भुंगेऱ्याला निवड होती तेव्हा त्याने आवडीचं पान निवडलं. निवड गेली तेव्हा नावडतंही खाल्लं. संशोधन केंद्रांतल्या छोट्या छोट्या वाफ्यांच्या चाचण्यांतही हेच होतं, शेजारच्या चविष्ट वाणाकडे किडे सरकतात आणि मधला मध्यम वाण उत्तम ठरतो. नुसती नावड आणि अळी जगू न देणारं पान, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं नाव घेऊन दुसरीचं आश्वासन दिल्यामुळे प्रतिकारक वाणांची पत गेली आहे, आणि टीकाकारांना आयतं हत्यार मिळालं आहे.

एकाहून अधिक गुण एकत्र आणायचं काम झालेलंच नाही असंही नाही. मिशिगन राज्य विद्यापीठात डेव्हिड डाउचेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टाइनचा नैसर्गिक प्रतिकार आणि क्राय-3ए एकाच झाडात आणून पाहिले. एक मोडला तरी दुसरा उभा, हा त्यामागचा विचार. पण न्यूलीफच्या माघारीनंतर या दिशेला ना कारखान्याचा पैसा गेला, ना सरकारचा पुरेसा. बटाटा चौपट गुणसूत्रांचं पीक आहे. रानटी जाती बहुतांश दुप्पट गुणसूत्रांच्या. रानटी झाडाबरोबर उशिरा पोसणं आणि बारीक कंद हेही येतं, ते झाडून काढायला पिढ्या लागतात. नवा वाण शेतात यायला दहा-पंधरा वर्षं जातात. त्या काळात दोन-तीन औषधं येऊन जातात.

तरी पानातूनच प्रतिकार आणायचं संशोधन थांबलं नाही. 2015 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी सायन्स या नियतकालिकात एक शोध मांडला. त्यांनी बटाट्याच्या पानातल्या हरितकणांत भुंगेऱ्याच्या एका आवश्यक जनुकाला गप्प करणारा दुहेरी आरएनए तयार करवला. ती पानं खाणाऱ्या अळ्या मेल्या आणि झाडं वाचली. पुढे काय झालं? तेच तत्त्व बाजारात पानातून न येता बाटलीतून आलं. 2023 च्या अखेरीस अमेरिकेत लेडप्रोना हा भुंगेऱ्यासाठीचा आरएनए फवारा नोंदला गेला. तो आधीच्या विषांपेक्षा खूप सौम्य आहे, याचं मी स्वागतच करतो. पण दुहेरी आरएनएला प्रचंड प्रमाणात दाद न देणारे भुंगेरे प्रयोगशाळेत नऊ पिढ्यांत तयार झाल्याचं त्याआधीच, 2021 मध्ये, प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे उद्या हे औषधही कमजोर पडू शकतं, आणि मला खात्री आहे की तेव्हाही ‘फवारणी फसली’ असं कोणी म्हणणार नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रतिकारक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बटाट्याच्या पिशवीवर तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात: भुंगेऱ्याला दुसरं काहीच खायला नसताना या वाणावर किती अळ्या चौथ्या अवस्थेपर्यंत पोचल्या, फुलोऱ्याच्या काळात किती पान उरलं, आणि कंदातल्या कडू द्रव्यांचं प्रमाण किती. पैदास केंद्रांनी छोट्या वाफ्यांऐवजी एकाच वाणाच्या मोठ्या सलग तुकड्यांत चाचण्या घ्याव्यात, त्या फेरपालट करूनच घ्याव्यात आणि निदान चार-पाच वर्षं एकाच परिसरात चालू ठेवाव्यात, म्हणजे प्रतिकार झिजतो की टिकतो तेही कळेल. आणि कोणतंही नवं कीटकनाशक नोंदवताना कंपनीने तेच तीन आकडे किमान एका प्रतिकारक वाणावर आणि एका साध्या वाणावर, दोन्हींवर द्यावेत, म्हणजे किती फवारण्या खरोखर लागतात आणि किती नुसत्या जुन्या वाणाच्या सोयीसाठी होतात, हे शेतकऱ्याला पिशवी आणि बाटली शेजारी ठेवून वाचता येईल.